काल काय झालं गं?

मुलांनो, सकाळी नळकोंडाळ्यावर हंडे-कळशा घेऊन बायका जमतात, तेव्हा त्या काय बोलतात हे कधी कान देऊन ऐकलंय का? "काल काय झालं गं? आमच्याकडं लाइटच गेली." एवढं एक वाक्य पुरे. एकजण मालिकेतली गोष्ट सांगायला लागते, दुसरी तिला मध्येच अडवते आणि कळशी भरून वाहू लागली तरी कुणाचं लक्ष नसतं!

माझं सासर सातारा जिल्ह्यात. मे २०१७ मध्ये झी मराठीवर ‘लागिरं झालं जी’ सुरू झाली आणि जून २०१९ मध्ये ती संपेपर्यंत आमच्या आळीला दुसरा विषय नव्हता. फौजेत जायचं स्वप्न पाहणारा अजिंक्य, त्याची शीतल आणि बोली आमचीच, साताऱ्याची. त्यामुळं अज्या आणि शीतली म्हणजे जणू पलीकडच्या घरातली माणसं. जिजी झालेल्या कमल ठोके तर कराडच्या. त्या खरोखरच शिक्षिका होत्या, बरं का! (मला याचा केवढा अभिमान.) २०२० साली त्या वारल्या, तेव्हा नळावर कुणीतरी म्हणालं, "आपली जिजी गेली."

पुरुषमंडळी हसायची. "खोट्या माणसांच्या खऱ्या चौकशा!" मीही हसत असे, खोटं कशाला सांगू?

पण आमचा जिल्हा फौजींचा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या गावाला आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. आमच्या आळीतही एक वहिनी होत्या, नवरा सरहद्दीवर. स्वतःच्या काळजीबद्दल एक अक्षर बोलायच्या नाहीत. घरात सासू-सासरे, त्यांच्यापुढं काय बोलणार? एक दिवस मालिकेचा विषय निघाला, तेव्हा कळशी विसळता विसळता त्या म्हणाल्या, "शीतलीला रातीची झोप येत नसंल."

सगळ्याजणी गप्प झाल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "मग तिनं एकटीनं कशाला जागायचं? माझ्याकडं यावं की. मला तरी कुठं झोप लागतीया?"

बोलणं कुणाबद्दल चाललंय हे सगळ्यांना कळलं होतं. पण नाव शेवटपर्यंत शीतलीचंच! त्या दिवसापासून जेवणं झाली की वहिनी म्हातारीच्या ओसरीवर जाऊन बसायला लागल्या. मी मात्र त्यानंतर हसले नाही.

माझं माहेर सांगलीचं. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ फुटांच्याही वर! माझ्या आईला एका शाळेत हलवलं होतं. रस्ते बंद, फोन लागेना. वाट मोकळी झाल्यावर धावतपळत पोचले. वाटलं, आई रडत बसली असेल.

फळ्यावर पाढे तसेच होते. खाली सतरंजीवर वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या, आठवड्यापूर्वी एकमेकींना न ओळखणाऱ्या बायका बसल्या होत्या. टीव्ही नव्हता, म्हणून त्या ‘लागिरं’ची गोष्ट पहिल्या भागापासून एकमेकींना सांगत होत्या! जिचा जो भाग बुडाला होता, तो दुसरी भरून काढायची. मध्येच भांडणही जुंपलं, शीतली त्या वेळी बरोबर होती की चूक. आई हिरिरीने शीतलीची बाजू घेत होती. घरातला गहू, गाद्या, माझ्या लहानपणचे फोटो, सगळं पाण्यात होतं आणि तिला ते ठाऊक होतं. मला बघून ती म्हणाली, "आलीस? बस जरा, एवढं होऊ दे."

कोपऱ्यात एक चिमुरडी आईला बिलगून बसली होती. पाण्याच्या भीतीनं दोन दिवस बोलली नव्हती म्हणे. बायका जरा थांबल्या, तशी ती हळूच म्हणाली, "मग? पुढं?"

त्यातली एक मावशी अजून दर रविवारी आईकडं येते. आता मालिका दुसरी आहे.