पिशवी काढण्याआधी मेंदूचाही विचार व्हावा

ऊसतोडीच्या हंगामात धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळा आणि कळंबकडच्या गावांतून टोळ्या कारखान्यांकडे निघतात. पाळीच्या दिवसांत कामावर खाडा झाला की मजुरी बुडते, वर दंड बसतो. त्यातून पोट दुखलं, अंगावरून जाऊ लागलं की ‘गर्भाशयाची पिशवी काढून टाका’ हा सल्ला लवकर पटतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं असल्याचं २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीसमोर आलं. पाठदुखी, थकवा यांची चर्चा झाली. मेंदूचं काय, हे फारसं कुणी विचारलं नाही.

अंडाशयातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होतं. ते पाळीपुरतं नसतं. मेंदूच्या पेशींना साखरेतून ऊर्जा मिळवायला आणि आठवणी साठवणाऱ्या भागातले पेशींचे जोड टिकवायला ते मदत करतं.

पाळी आपोआप जाते तेव्हा हे इस्ट्रोजेन काही वर्षं वरखाली होत कमी होतं. त्या काळात रात्री अचानक छातीतून चेहऱ्याकडे वाफ चढते, पोलकं घामाने भिजतं, बाई पांघरूण फेकून उठून बसते. मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. झोप मोडली की दिवसा शब्द ओठांवर येऊन अडतात. येरमाळ्याला येडाई देवीच्या डोंगरावर ओळखीची बाई भेटली आणि तिचं नाव चटकन आठवलं नाही, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. हा विसराळूपणा बहुतेकींचा पुढे कमी होतो. रोजची घरची वाट चुकणं, पैशांचा साधा हिशेब न जमणं, तेच ते पुन्हा विचारणं, हे मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

शस्त्रक्रियेत गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेन एकाएकी तुटतं. अंडाशयं राहिली, तरी पाळी जाण्याचे बदल काहीजणींत लवकर सुरू होतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २००७ च्या अभ्यासात, पाळी जाण्याआधी अंडाशय काढलेल्या बायकांत पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त दिसला. वय जितकं कमी, तितका धोका अधिक. पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घेतलेल्यांत ही वाढ दिसली नाही. उलट, पासष्टीनंतर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या एकत्रित गोळ्या सुरू केलेल्या बायकांत हा धोका दुप्पट झाल्याचं २००३ च्या अभ्यासात आढळलं. म्हणून या गोळ्या मनाने घेऊ नयेत, वेळ आणि गरज डॉक्टरांनीच ठरवावी.

धोका वाढतो म्हणजे आजार होणारच, असं नाही. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणं, मिशरी-तंबाखू सोडणं, कमी ऐकू येत असेल तर कान तपासणं, माणसांत मिसळणं, यांनीही मेंदू जपता येतो. ऑपरेशन आधीच झालेल्या बाईलाही हे सगळं करता येतं.

ज्यांना ऑपरेशन सांगितलं आहे, त्यांनी तीन प्रश्न विचारावेत: औषधाने भागेल का? अंडाशयं ठेवता येतील का? काढावीच लागली, तर पुढचे उपचार कोणते? कर्करोगासारख्या आजारात ऑपरेशन टाळू नये. पण खाडा वाचवण्यासाठी कुठल्याही बाईवर अवयव गमावायची वेळ येऊ नये. पाळीच्या दिवसांत तिला दंडाविना सुट्टी मिळाली पाहिजे. तिच्या म्हातारपणाच्या आठवणींची राखण तिथूनच सुरू होते.