जुन्या मालमोटारीत इंजिन बसविणे : आधी मडगार्ड उतरवावेत

निफाड, येवला व चांदवड या तालुक्यांत उन्हाळ कांदा चाळीत पडला, की अनेक शेतकरी आपली जुनी मालमोटार दुरुस्तीस काढतात. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथील बाजार जवळचा असतो. परंतु कसारा घाटातून मुंबईकडे माल न्यावयाचा तर थकलेले इंजिन दगा देते आणि वाटेत अडकलेला कांदा पावसात भिजून सडतो. गाडीची चेसिस, गिअरबॉक्स व मागील हाऊसिंग सुस्थितीत असल्यास तीत दुसरे इंजिन बसविणे हा नवी गाडी घेण्यापेक्षा पुष्कळच स्वस्त मार्ग होय. मात्र हे काम बहुधा गावातच, गोठ्यासमोर वा चिंचेखाली चालते व त्यात घाई फार होते. मडगार्ड जागेवर ठेवूनच इंजिन वरून आत सोडणे ही त्या घाईतील पहिली चूक. प्रस्तुत माहिती लांब नाकाच्या जुन्या गाड्यांपुरती आहे.

इंजिन शक्यतो त्याच जातीचे घ्यावे. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डेम्लर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. तो करार १९६९ मध्ये संपला. त्यानंतरच्या टाटा इंजिनांच्या नावातच त्यांची ओळख आहे. ६९२ म्हणजे ६ सिलिंडर व ९२ मिलिमीटर व्यासाचे बोअर. ६९७ म्हणजे ६ सिलिंडर व ९७ मिलिमीटर. नाव वाचता आले तर विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. जुने इंजिन घेताना ते हाताने फिरवून पाहावे आणि ऑईलची पट्टी बाहेर काढून तपासावी. ऑईल ताकासारखे पांढरट दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजून तो सौदा सोडून द्यावा.

आता मडगार्डांविषयी. ते व पुढची जाळी काढल्यास अर्धा दिवस जातो, हे खरे. परंतु तेवढ्याने चेनपुलीचा घोडा गाडीच्या अगदी जवळ येतो, माणसांना पत्र्यावर ओणवे होऊन इंजिन धरावे लागत नाही आणि माउंटिंगची भोके डोळ्यांना सरळ दिसतात. रेडिएटरही याच वेळी काढून बाजूस ठेवावा. इंजिनाचा एक हेलकावा त्याच्या नळ्या फोडण्यास पुरेसा असतो.

कामापूर्वी गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करून चाकांना ठोकळे लावावेत, बॅटरीची अर्थची तार प्रथम सोडावी, मग पाणी व ऑईल डब्यात काढून घ्यावे. ते ऑईल विहिरीजवळ वा बांधावर ओतू नये. दिव्यांच्या तारांना रंगीत दोरे बांधून खुणा कराव्यात. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवले, तर सकाळी पाना घसरत नाही. प्रत्येक बाजूचे बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवावेत. मडगार्ड सुटला की त्याच्या आतील बाजूस पाहावे. आपल्याकडील काळी माती तेथे थरांनी बसते, पावसाळाभर ओल धरते आणि पत्रा व केबिनचे आधार आतून खाते. अनेक गाड्यांचे हे आधार कुजल्याचे मालकाला प्रथम याच दिवशी कळते. माती खरवडून, तारेच्या ब्रशने गंज काढून रेड ऑक्साइड लावावा. एवढी मोकळी जागा पुन्हा लवकर मिळत नाही.

सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन कित्येक क्विंटल भरते. ते झाडाच्या फांदीला टांगू नये. चिंचेची फांदी कितीही जाड दिसली तरी आतून पोखरलेली असू शकते. लोखंडी घोडा व वजनक्षमता कोरलेली चेनपुली भाड्याने आणावी, आणि दोराऐवजी साखळी वापरावी. टांगलेल्या इंजिनाखाली कोणीही जाऊ नये, तसेच इंजिन व चेसिस यांच्या फटीत बोटे घालू नयेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामाच्या वेळी मुलांना दूर ठेवण्याचे पाहावे.

गिअरबॉक्स गाडीतच राहणार असल्यास त्याखाली लाकडी ठोकळ्यांचा टेका द्यावा. क्लच प्लेट जुन्या शाफ्टच्या तुकड्याने मध्यावर बसवून मगच प्रेशर प्लेट आवळावी. इंजिन मागे सरकविताना शाफ्टचे दाते प्लेटमध्ये शिरत नसतील, तर गाडी गिअरमध्ये टाकून मागील जोड हाताने किंचित फिरवावा. दोन्ही तोंडे हातानेच एकमेकांस भिडली पाहिजेत. उरलेली फट बोल्ट आवळून मिटविणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. त्यात इंजिनाचा भार शाफ्टवर येतो, प्लेटचा मध्य वाकतो आणि पुढे क्लच सुटेनासा होतो. माउंटिंगचे रबर मात्र नवेच घालावे.

इंजिन व चेसिस यांना जोडणारी अर्थची पट्टी हमखास विसरली जाते. गेल्या वर्षी येवल्याकडील एका खेड्यात ती न लावताच स्टार्टर दाबण्यात आला. विजेने मग ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढली आणि क्षणात केबल तापून धूर निघाला. शेजारीच डिझेलची नळी होती. सुदैवाने बॅटरीची तार कोणी तरी ओढून काढली.

पाणी व ऑईल भरल्यावर हातपंपाने डिझेलमधील हवा काढावी. प्रथम डिझेल बंद ठेवून, ऑईलच्या दाबाचा काटा हलेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवावा. मगच इंजिन चालू करावे. मडगार्ड लावण्यापूर्वी ते अर्धा तास मंद चालवून गळती पाहावी. पंखा उघडा असतो, म्हणून उपरणे वा सैल बाह्या घालून जवळ जाऊ नये.

इंजिन बदलले की त्याचा क्रमांकही बदलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये हा बदल १४ दिवसांच्या आत प्रादेशिक परिवहन कार्यालयास कळवून नोंदणीपुस्तकात लिहून घ्यावा लागतो. त्यासाठी इंजिन खरेदीची पावती जपून ठेवावी आणि क्रमांक कोरलेली जागा रंगाने बुजवू नये.