मनी प्लांट: चिवट वेलीभोवतीच्या समजुती

रायपूरमध्ये तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरांत आणि नव्या फ्लॅटच्या गॅलरीतही एक वेल हमखास दिसते: मनी प्लांट. ती मूळची ताहितीजवळच्या मोरेआ बेटाची. तिथल्या दमट जंगलात ती हवाई मुळांनी खोड धरून वर चढते. ती इतकी चिवट आहे, की निगा चुकली तरी बरेच दिवस तग धरते. म्हणूनच तिच्याविषयीचे गैरसमज सहजासहजी उघडे पडत नाहीत.

गैरसमज: चोरून आणलेलीच फांदी फळते.
वस्तुस्थिती: फांदी रुजते ती पेराच्या जोरावर. पानाचा देठ खोडाला जुळतो, तिथेच मुळं फुटतात आणि नवा कोंबही येतो. पेर नसलेलं नुसतं पान पाण्यात बराच काळ हिरवं राहील, पण त्यातून वेल होणार नाही. शेजारणीकडून मागून आणलेली पेराची फांदीही तितक्याच जोमाने वाढते.

गैरसमज: रायपूरच्या उन्हाळ्यात रोज पाणी हवंच.
वस्तुस्थिती: कुंडीतली वेल तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच अधिक वेळा दगावते. मुळांनाही हवा लागते. सतत चिखल राहिला की ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे पानं मलूल पडतात. ते पाहून घरातलं कुणीतरी आणखी एक तांब्या ओततं!

मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, लू वाहते आणि पानांच्या कडा करपतात. दोष बहुतेकदा कोरड्या हवेचा किंवा दुपारच्या थेट उन्हाचा असतो. पानांवर मारलेला फवारा काही मिनिटांत उडून जातो. त्यापेक्षा कूलरच्या खोलीतली दमट हवा कामाची, फक्त कुंडी झोताच्या तोंडाशी नको. बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहावं. कोरडं लागलं तरच पाणी द्यावं. पावसाळ्यात ही वेळ बरीच उशिरा येते.

गैरसमज: अंधारा कोपराही चालतो.
वस्तुस्थिती: वेल जगते, पण पानं लहान होतात, दोन पानांमधलं अंतर वाढतं आणि पिवळ्या छटा हिरव्यात विरतात. खिडकीजवळचा, थेट ऊन नसलेला उजेड तिला मानवतो. उरला-सिलतरा भागातल्या कारखान्यांची काळी धूळ पानांवर बसली की तो उजेडही अडतो. ओल्या फडक्याने पानं पुसावीत.

गैरसमज: बाटलीतल्या वेलीकडे बघावं लागत नाही.
वस्तुस्थिती: नुसत्या पाण्यात पोषण तुटपुंजं असतं, त्यामुळे वाढ खुंटते. शिवाय साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडीस डास अंडी घालतो. दर आठवड्याला कूलरची टाकी रिकामी करताना बाटलीही धुऊन भरावी.

गैरसमज: एक कुंडी खोलीची हवा शुद्ध करते.
वस्तुस्थिती: या समजुतीचं मूळ नासाच्या १९८९ च्या अभ्यासात आहे. ते प्रयोग छोट्या बंद पेट्यांत झाले होते. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा प्रयोगांचा हिशेब मांडला. खेळत्या हवेइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असं त्यातून निघालं. खिडकी उघडणं कितीतरी सोपं.

गैरसमज: घरातलं झाड म्हणजे निरुपद्रवी.
वस्तुस्थिती: पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते. मांजर-कुत्र्यांना उलट्याही होतात. मूल रांगू लागलं की कुंडी उंचावर टांगावी आणि लोंबणारी टोकं त्याच्या हाताला लागणार नाहीत इतकी छाटावीत.