जुने स्ट्रेच मार्क्स : लेसर की आरएफ?

गरोदरपणात पोटावर किंवा तालमीत अंग झपाट्याने भरल्यावर खांद्यावर उठलेले वण आधी लालसर असतात, जुने झाले की पांढरे पडतात. फ्रॅक्शनल सीओटू लेसर त्वचेत बारीक छिद्रे पाडून नवे कोलॅजन तयार करायला लावतो. पण सावळ्या त्वचेवर नंतर काळे डाग पडण्याचा धोका जास्त. मायक्रोनीडलिंग आरएफमध्ये (आरएफ म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी) सुयांच्या टोकांतून उष्णता खोल जाते, वरचा थर बराचसा वाचतो, म्हणून डागांची भीती कमी. दोन्हींनी पडणारा फरक साधारण सारखाच. साधारण महिन्याच्या अंतराने ३-४ सिटिंग लागतात. वण पुसट होतात, पूर्ण जात नाहीत. पार्लरच्या जाहिरातीला न भुलता आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.