पायाखालचे दगड

झांझिबारच्या उत्तर टोकाला नुंग्वी नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथे उथळ पाण्यात मुलींचा पोहण्याचा वर्ग भरतो. अंगभर पोशाख, डोकं झाकलेलं, आणि छातीशी कवटाळलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन. कॅनच्या आधाराने पाय मारता आले की उताणं तरंगायचं. कान पाण्यात गेले की नवशिकी दचकून मान उचलते, आणि मान वर आली की कंबर बुडते. मानेखालचा आधाराचा हात नेमका कधी काढायचा, हेच शिकवणारीचं कसब. उपक्रमाचं नाव ‘पांजे’, म्हणजे स्वाहिलीत मोठा मासा. अ‍ॅना बॉयाझिस यांच्या इथल्या छायाचित्रांना 2018 मध्ये ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा पुरस्कार मिळाला आणि हा वर्ग जगाला दिसला.

बेटावरच्या मुलीला पोहता येत नाही, हे ऐकताना खटकतं. पण मुलगे होड्यांभोवती डुंबत आपसूक शिकतात. मुलींच्या आड मर्यादा येते. अंग झाकणारा पोशाख आणि शिकवायला बाई, एवढ्या दोन गोष्टींवर गाडं अडलेलं होतं.

10 सप्टेंबर 2011 रोजी पेंबा बेटाकडे निघालेली ‘स्पाइस आयलंडर’ ही बोट क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं घेऊन बुडाली. किती गेले, याचे आकडे आजही जुळत नाहीत. भर समुद्रात, अंधारात पोहणं कितपत कामी आलं असतं, कोण सांगणार? म्हणून या मुलींना वेग शिकवण्याआधी तरंगत राहायला शिकवतात, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

पोहण्याची गरज पोटापाण्यालाही भिडली आहे. झांझिबारमध्ये 1989च्या सुमारास समुद्री शेवाळाची शेती सुरू झाली, आणि ती मुख्यतः बायकांच्या हाती आहे. ओहोटीला खुंट्या रोवायच्या, दोऱ्या ताणायच्या, त्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे. त्यातली ज्यादा भाव देणारी जात उथळ पाणी तापलं की टिकत नाही. सागरशास्त्रज्ञ फ्लॉवर म्सुया यांनी खोल पाण्यात लावायची नळीसारखी जाळी पुढे आणली. आता जाळीपर्यंत होडीने जायचं. आजीचं काम गुडघाभर पाण्यात भागलं. नातीला पोहता यायलाच हवं.

राहिलं समुद्र जपणं. झांझिबार शहराच्या दक्षिणेला चुंबे नावाचं छोटं बेट आहे. सिबिल रीडमिलर यांच्या खटपटीमुळे 1994 मध्ये तिथलं प्रवाळ संरक्षित झालं. पूर्वी तिथे मासे धरणाऱ्यांपैकी काही जणांना रखवालदार म्हणून तयार केलं गेलं. शाळांच्या सहली सुरू झाल्या तेव्हा अडचण शब्दापाशीच आली: स्वाहिलीत प्रवाळाला ‘मावे ना मियाम्बा’, म्हणजे दगड आणि खडक, म्हणत. हसू नये. आपण तरी पोवळं ओळखतो ते मंगळासाठी अंगठीत बसवायचा खडा म्हणूनच.

तरंगायचं जॅकेट आणि काचेचा चष्मा चढवून मुलं तोंड पाण्यात घालतात, तेव्हा त्या दगडांत मासे शिरताना दिसतात. पोहता न येणारा माणूस घाबरला की पहिल्यांदा पायांनी तळ चाचपडतो. इथे तळ म्हणजे प्रवाळ, आणि टाच टेकली की फांदी मोडते. उताणं, पालथं, कसंही पाण्यावर आडवं राहता येणाऱ्या मुलीला उभं राहायला दगड शोधावा लागत नाही.