कॅमेऱ्याच्या केबलला होणारा विजेचा उपद्रव : कारणे, परीक्षा व उपाय

विण्यास आलेल्या गाई-म्हशींवर रात्री नजर ठेवता यावी म्हणून गोठ्यात कॅमेरा बसवून त्याची केबल घरातील संगणकाला जोडण्याची पद्धत आता अनेक शेतकरी अवलंबीत आहेत. कांदाचाळ, रोपवाटिका व विहिरीवरील पंपघर यांच्या राखणीसाठीही हीच जोडणी उपयोगी पडते. परंतु दुकानात उत्तम चालणारा कॅमेरा शेतावर आणला म्हणजे चित्रावर पट्टे सरकू लागतात, चित्र मध्येच थिजते, किंवा संगणकाला कॅमेरा दिसेनासाच होतो, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. अशा वेळी बहुधा कॅमेरा सदोष ठरवून बदलला जातो. नवा कॅमेराही तसाच वागू लागतो आणि खर्च मात्र दुप्पट होतो. गाय अडलेली असताना ऐन रात्री चित्र नाहीसे झाले, तर होणारे नुकसान त्याहूनही मोठे असते.

अशा पुष्कळ तक्रारींचे मूळ कॅमेऱ्यात नसून केबलच्या आसपासच्या विजेत असते. हा उपद्रव केव्हा होतो आणि कोणत्या तालाने होतो, हे प्रथम नीट पाहिले, तर काहीही विकत न घेता त्याचे कारण बहुतेक वेळा हाती लागते.

उपद्रव कसा होतो

तारेतून बदलता प्रवाह वाहू लागला की तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या तारेत त्यामुळे थोडासा विद्युत् दाब उत्पन्न होतो. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्याच्या गोल केबलमधून जाणारा चित्रसंदेश अवघा १ व्होल्ट इतका असतो, तर तीन फेजच्या पंपाच्या तारेत सुमारे ४१५ व्होल्ट दाब खेळत असतो. शिवाय स्टार्टर थेट जोडणीचा असेल, तर मोटार सुरू होतेवेळी ती नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. इतक्या बलवान शेजाऱ्याची थोडीशी झळही चित्रसंदेशाला पुरेशी होते. दोन तारा जितक्या जवळून व जितक्या लांबवर समांतर जातील, तितका हा उपद्रव वाढतो.

उपद्रवाचा दुसरा मार्ग जमिनीतून येतो. गोठ्याचे अर्थिंग वेगळे आणि घराचे वेगळे असले, तर त्या दोन ठिकाणच्या जमिनीच्या दाबात अल्पसा फरक असू शकतो. केबलचे धातूचे आवरण दोन्ही टोकांशी जोडलेले असेल, तर या फरकामुळे आवरणातून प्रवाह वाहू लागतो व तो चित्रात मिसळतो.

वेळ व ताल यांवरून कारण ओळखणे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास दोन-तीन दिवस एका कागदावर उपद्रवाची वेळ लिहून ठेवण्यास सांगावे. त्या नोंदीवरून पुढीलप्रमाणे अनुमान करता येते.

१. पंप सुरू वा बंद होताना चित्र क्षणभर फाटते किंवा कॅमेरा तुटतो : हा स्टार्टरमधील ठिणगीचा व मोटारीच्या सुरुवातीच्या प्रवाहाचा परिणाम होय. जेथे शेतीपंपांना पाळीने वीज मिळते व स्टार्टरला ऑटो बसविलेला असतो, तेथे वीज येताच पंप आपोआप सुरू होतो. त्यामुळे घरातील माणसास दोन्ही गोष्टींचा संबंध लक्षात येत नाही. नोंदीतील वेळ व वीज येण्याची वेळ ताडून पाहावी.

२. सौरपंप चालू असेपर्यंत चित्रावर सतत बारीक रेषा किंवा दाणे दिसतात : पंपाचा वेग सांभाळणारी नियंत्रक पेटी विजेचा प्रवाह दर सेकंदास हजारो वेळा जोडते व तोडते. त्या पेटीपासून मोटारीकडे जाणारी तार हे या उपद्रवाचे मुख्य स्थान असते.

३. दर सेकंदास सुमारे एकदा चित्र हलते : हा ताल कुंपणाच्या झटका यंत्राचा आहे. कुंपणाच्या तारेला ओले गवत टेकून ठिणग्या उडत असल्यास तो अधिक ठळक होतो.

४. रुंद आडवे पट्टे संथपणे वर किंवा खाली सरकत राहतात : गोल केबलच्या जोडणीत हे दोन अर्थिंगमधील फरकाचे ठरलेले लक्षण समजावे.

५. चित्र दिवसा चांगले व फक्त रात्री वाईट दिसते : हा बहुधा उपद्रव नसून कॅमेऱ्यास विजेचा पुरवठा अपुरा पडत असतो. अंधार पडताच कॅमेऱ्याचे अदृश्य प्रकाशाचे दिवे लागतात व तो अधिक प्रवाह घेतो. तार लांब व बारीक असल्यास १२ व्होल्टपैकी बराच दाब वाटेतच खर्च होतो. रात्री कॅमेऱ्याच्या टोकाशी मीटर लावून खात्री करावी.

परीक्षेचा क्रम

एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले, तर कोणत्या बदलाने गुण आला हे समजत नाही.

प्रथम कॅमेरा काढून संगणकाजवळ आणावा व आखूड केबलने जोडावा. चित्र स्वच्छ आले, तर कॅमेरा व संगणक निर्दोष आहेत असे समजून केबलकडे वळावे. नंतर संपूर्ण केबल हाताखालून घालून पाहावी. उंदरांनी कुरतडलेली जागा, पाणी शिरलेला सांधा, नुसते पिळ देऊन चिकटपट्टी लावलेला जोड आणि गंज चढलेली टोके हे दोष गोठ्यात फार आढळतात.

त्यानंतर तशीच दुसरी केबल पंपाच्या तारांपासून दूरच्या वाटेने जमिनीवर तात्पुरती टाकून पाहावी. उपद्रव थांबल्यास जुन्या केबलचा मार्ग चुकीचा होता, हे सिद्ध होते. संगणक मांडीवरचा असल्यास त्याचा चार्जर काढून तो केवळ बॅटरीवर चालवावा. पट्टे तत्काळ नाहीसे झाले, तर दोष अर्थिंगच्या फरकात किंवा चार्जरमध्ये आहे.

उपाय

केबलची वाट बदलणे हा सर्वांत स्वस्त व बहुधा पुरेसा उपाय होय. कॅमेऱ्याची केबल विजेच्या तारांच्या नळीतून कधीही नेऊ नये. दोहोंत निदान ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट अंतर राखावे. सौरपंपाच्या नियंत्रक पेटीपासून ते याहून पुष्कळ अधिक ठेवावे. वाट ओलांडणे भागच असेल, तर केबल तारेला काटकोनात ओलांडून न्यावी. उरलेल्या केबलचे वेटोळे स्टार्टरजवळ टांगून ठेवू नये.

केबलची जातही अंतर पाहून निवडावी. साधी यूएसबी केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची असते. गोठा त्याहून दूर असल्यास तीस जोड देऊन लांबविण्यापेक्षा नेटवर्क केबलवर चालणारा कॅमेरा घ्यावा. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते. तिच्यातील तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात व प्रत्येक जोडीतील दोन तारांतून परस्परविरुद्ध संदेश जातो. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि ग्रहण करणारे यंत्र दोहोंतील फरकच वाचत असल्याने तो निघून जातो. यासाठीच टोक बसविताना पीळ गरजेपेक्षा जास्त उलगडू नये.

केबलच्या टोकाशी फेराइटचे कडे बसवून त्यातून केबलचे दोन-तीन वेढे घेतल्यास सौरपंपाच्या पेटीचा व ठिणग्यांचा उपद्रव कमी होतो. संथ सरकणाऱ्या पट्ट्यांवर मात्र या कड्याचा उपयोग होत नाही. त्यासाठी कॅमेरा लोखंडी खांबावर थेट न बसविता मध्ये लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा घालावा आणि कॅमेरा व संगणक यांना शक्यतो एकाच ठिकाणाहून वीज द्यावी. तेवढ्याने न भागल्यास गोल केबलमध्ये जमिनीचा संबंध तोडणारा लहान आयसोलेटर बसवावा.

झटका यंत्राचे अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर दूर असावे. कुंपणाखालचे गवत वेळोवेळी कापावे आणि कॅमेऱ्याची केबल कुंपणाच्या खांबांवरून नेऊ नये.

अंतर फार मोठे असेल किंवा वळवाच्या पावसात विजा पडण्याचे भय असेल, तर प्रकाशतंतूची केबल उत्तम. तिच्यातून वीज वाहतच नसल्याने तारेतला वा जमिनीतला कोणताही उपद्रव तिच्यातील संदेशास बाधत नाही. मात्र कॅमेऱ्यास वीज वेगळ्या तारेने द्यावी लागते.

हे कदापि करू नये

संगणकाच्या किंवा रेकॉर्डरच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन कापून टाकली की पट्टे जातात, असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. पट्टे कित्येकदा जातातही, परंतु त्याबरोबर संरक्षणही जाते. पुढे केव्हा यंत्रात वीज उतरली, तर ती केबलच्या आवरणातून गोठ्याच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत पोहोचू शकते. ओल्या जमिनीवर उभी असलेली जनावरे आणि धार काढणारा माणूस या दोघांच्याही जिवावर ते बेतेल. जनावरांना विजेचा अगदी थोडा दाबही बाधतो. दावणीला शिवताच गाय बिचकत असेल, तर ती खोड समजून सोडून देऊ नये. मुख्य स्विच बंद करून वायरमनला बोलवावे. स्टार्टर, नियंत्रक पेटी व अर्थिंगचा खड्डा यांवरील कामही परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

तक्रार आली म्हणजे कार्यकर्त्यांनी प्रथम वेळेची नोंद मागावी, मग केबलची वाट डोळ्यांनी पाहावी, त्यानंतर अर्थिंगची चौकशी करावी आणि कॅमेरा बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. गाय विण्याच्या दिवसापूर्वी आठवडाभर जोडणीची परीक्षा करून ठेवल्यास ऐन वेळी धावपळ होत नाही.