'आउट ऑफ फेज' : विद्युत् गिटारच्या दोन नादांचे एक नाव

वाद्याच्या नादाला दिलेले नाव श्रवणाचे वर्णन करते की त्या नादाच्या कारणाविषयी विधान करते, हा प्रश्न परिभाषेच्या अभ्यासात वरचेवर उपस्थित होतो. विद्युत् गिटारच्या संदर्भात रूढ झालेली 'आउट ऑफ फेज' ही संज्ञा या दृष्टीने उद्बोधक आहे. मराठी भौतिकशास्त्रीय परिभाषेत 'फेज'ला 'कला' हा प्रतिशब्द आहे. तेव्हा या संज्ञेचे भाषांतर 'विरुद्ध कला' असे करता येईल. परंतु वादकांनी हे एकच नाव दोन भिन्न नादांना दिले आहे. त्यांपैकी एका नादाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे, दुसऱ्याच्या बाबतीत मुळीच खरे नाही. या दुहेरी वापराची उकल झाल्याखेरीज संगीतविषयक लेखनाचे वाचन आणि अनुवाद ही दोन्ही कामे सदोष राहतात.

प्रथम यंत्ररचना पाहणे आवश्यक आहे. विद्युत् गिटारच्या पोलादी तारांखाली बसवलेला पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या प्रवर्तनाच्या तत्त्वानुसार वेटोळ्यात विद्युत्दाब निर्माण होतो. या संकेताची दिशा दोन गोष्टींवर ठरते : चुंबकाचा कोणता ध्रुव तारेकडे आहे आणि वेढे कोणत्या दिशेने घेतलेले आहेत. यांपैकी एकच गोष्ट उलटी केली, तर संकेत उलटतो. दोन्ही उलट्या केल्या, तर तो पूर्ववत् राहतो. घरगुती वीजपुरवठ्यामुळे वेटोळ्यात शिरणारी गुणगुण मात्र चुंबकावर अवलंबून नसते, केवळ वेढ्यांच्या दिशेवर असते. म्हणूनच एका पिकअपचे चुंबक आणि वेढे दोन्ही उलटे ठेवून तो दुसऱ्याशी जोडल्यास तारेचा नाद टिकतो आणि गुणगुण परस्परांना छेदून नाहीशी होते.

फेंडर कंपनीने १९५४ मध्ये बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर तीन पिकअप होते आणि ते निवडण्यासाठी तीन स्थानांची कळ होती. एका वेळी एकच पिकअप ऐकू यावा, अशी ही योजना होती. तथापि, कळ दोन स्थानांच्या मध्ये अडकवून ठेवली, तर शेजारचे दोन पिकअप एकाच वेळी समांतर जोडले जातात, हे वादकांच्या ध्यानात आले. त्यातून निघणारा नाद पोकळ, चकचकीत आणि किंचित सानुनासिक होता. १९७७ मध्ये कंपनीने पाच स्थानांची कळ देऊन या वापराला अधिकृत मान्यता दिली. डायर स्ट्रेट्स या वाद्यवृंदाच्या १९७८ मधील 'सुलतान्स ऑफ स्विंग' या गीतातील मार्क नॉफ्लर यांचे वादन हे या नादाचे सर्वपरिचित उदाहरण होय. या नादाला बदकाच्या आवाजावरून 'क्वॅक' असे अनुकरणवाचक नाव मिळाले. त्याच्या जोडीला 'आउट ऑफ फेज' हे शास्त्रीय भासणारे नावही चिकटले.

वस्तुतः येथे दोन्ही पिकअप समकलेतच जोडलेले असतात. मग नाद पोकळ का होतो? उत्तर पिकअपच्या स्थानांत आहे. स्ट्रॅटोकास्टरच्या तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ६४८ मिलिमीटर असते. घोडीपासून दांडीकडील पिकअप सुमारे १६२, तर मधला पिकअप सुमारे ९८ मिलिमीटर अंतरावर असतो. मोकळ्या तारेच्या मूळ कंपनात ही दोन्ही स्थाने एकाच दिशेने हलतात. आदर्श तार गृहीत धरून गणित केल्यास, त्यांची सापेक्ष मूल्ये ०.७१ आणि ०.४६ येतात आणि ती एकमेकांत मिळतात. मूळ कंपनाच्या पाचपट वारंवारतेच्या अंशस्वरात मात्र ही स्थाने परस्परविरुद्ध दिशांना हलतात. मूल्ये जवळजवळ सारखी, पण चिन्हे विरुद्ध असल्यामुळे तो अंशस्वर बहुतांशी लोपतो. म्हणजे मूळ स्वर भरीव राहतो आणि वरच्या काही ठरावीक अंशस्वरांच्या जागी पोकळी पडते. बोट पडद्यावर ठेवून तार आखूड केली की ही पोकळी दुसऱ्या अंशस्वरावर सरकते. शिवाय समांतर जोडणीने वेटोळ्यांचे एकूण प्रवर्तकत्व घटते, त्यामुळे नादाला अधिक उजळपणा येतो.

खऱ्या विरुद्धकला जोडणीत याच्या नेमके उलट घडते. तीच मूल्ये घेतली, तर मूळ स्वरात ०.७१ मधून ०.४६ वजा होऊन केवळ ०.२५ उरतात, पाचव्या अंशस्वराच्या मात्र दोन्ही बाजूंची भर पडते. खर्जाचा पाया निघून जातो आणि कृश, नाकातून आल्यासारखा नाद शिल्लक राहतो. असा नाद बुद्ध्याच मिळवण्याची सोय १९६४ मधील फेंडर मस्टँगवर पिकअपगणिक दिलेल्या सरकत्या कळीने केली होती. ब्रायन मे यांनी वडिलांच्या साहाय्याने १९६३ पासून घरी बांधलेल्या 'रेड स्पेशल' या गिटारवरही एकसर जोडलेल्या तिन्ही पिकअपना कला उलटवणारी स्वतंत्र कळ आहे.

पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या लेस पॉल गिटारचे उदाहरण अधिक बोलके आहे. हीच गिटार पुढे गॅरी मूर यांच्याकडे आणि २०१४ मध्ये कर्क हॅमेट यांच्याकडे गेली. तिचे दोन्ही पिकअप एकत्र वापरले की खरा विरुद्धकला नाद मिळतो. तिचा दांडीकडील पिकअप फिरवून उलटा बसवलेला आहे, ही गोष्ट डोळ्यांना दिसते. म्हणून त्या उलटेपणालाच नादाचे कारण मानण्याचा प्रघात पडला. परंतु पिकअप आडव्या पातळीत अर्धा वळसा फिरवल्याने ना ध्रुव बदलतो, ना वेढ्यांची दिशा. कारण आत होते : पिकअपमधील चुंबक पालथा झालेला होता. 'उलटा' या एका शब्दात बैठक, चुंबक, वेढे आणि जोडतारा असे चार वेगळे अर्थ सामावतात. येथे दिसणाऱ्या अर्थाने न दिसणाऱ्या अर्थाची जागा घेतली.

संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत स्ट्रॅटोकास्टरच्या मधल्या नादाला 'विरुद्ध कला' म्हणणे ही लक्षणा ठरेल काय? लक्षणेसाठी मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन यांची अपेक्षा असते. संबंध येथे आहे, कारण दोन्ही नादांत काही अंशस्वर परस्परांना छेदतात आणि कानाला साम्य जाणवते. रूढीही आहे. उणीव आहे ती बाधाच्या जाणिवेची. जोडणी न पाहिलेल्या वादकाला मुख्यार्थ बाधित झाल्याचे कळत नाही; तो अभिधेनेच बोलत असतो. जोडणी जाणणाऱ्या तंत्रज्ञाला तेच नाव लाक्षणिक ठरते. शब्दशक्ती शब्दात असते तितकीच ती ऐकणाऱ्याच्या ज्ञानातही असते, असे यावरून म्हणता येईल.

या भेदाचे परिणाम व्यावहारिक आहेत. मधल्या स्थानाचा नाद हवा असलेल्या वादकाने 'आउट ऑफ फेज' जोडणी मागितली आणि तंत्रज्ञाने शब्दशः तशी करून दिली, तर हाती येणारा नाद कृश आणि खर्जहीन असेल. अनुवादकापुढील पेच याच जातीचा आहे. 'विरुद्ध कला' असे सरसकट भाषांतर केले, तर मूळ भाषेतील गफलत मराठीत शास्त्राच्या मोहरेसह दाखल होते. सरसकट दुरुस्ती केली, तर वादकांच्या भाषिक व्यवहाराची साक्ष पुसली जाते. यावर एक मार्ग संभवतो. खऱ्या जोडणीसाठी 'विरुद्धकला जोडणी' हा शब्द राखून ठेवावा; स्ट्रॅटोकास्टरच्या नादासाठी 'मधल्या स्थानाचा नाद' असा कारणाविषयी मौन पाळणारा शब्द योजावा; आणि जेथे मूळ लेखक वा वादक स्वतः चुकीची संज्ञा वापरतो, तेथे 'आउट ऑफ फेज' हा परका शब्द अवतरणचिन्हांत तसाच ठेवावा. नादाचे कारण, कानाला आलेला अनुभव आणि समाजाने दिलेले नाव हे तीन स्तर असे वेगळे ठेवले, तरच नादवर्णनाचा पुरावा म्हणून उपयोग करता येईल.